किंग पिन, बुश आणि कुर्ल्याचा कारखाना

मोटारीचा इतिहास सांगताना लोक इंजिनाबद्दल बोलतात, नाहीतर बाहेरच्या आकाराबद्दल. गाडीखाली वाकून कुणी फारसं बघत नाही. मी मात्र गेली दोन वर्षं १९७४ सालच्या एका प्रीमियर पद्मिनीखाली वाकूनच बसलो आहे. पुढची चाकं ज्यांच्या आधारानं उभी असतात ते आर्म, स्प्रिंगा, किंग पिन आणि स्टीअरिंगपासून चाकांपर्यंत जाणारे दांडे, हे सगळं सुटं करायचं, घासून-मोजून बघायचं, झिजलेलं बदलायचं आणि पुन्हा होतं तसं बसवायचं, असं हे काम आहे. गाडी माझ्या मामांची. ते गेल्यावर आठ वर्षं ती चेंबूरच्या एका शेडमध्ये उभी होती. इंजिनानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी घातली आणि ते सुरू झालं. पण ताशी चाळीसच्या वर गेलं की स्टीअरिंग हातात थरथरायचं, आणि खड्डा आला की पत्र्याच्या डब्यात कुणी पाना टाकून हलवतंय असा आवाज पुढून यायचा.

मी नोकरीभर तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवलं. ही जोडणी फळ्यावर किती वेळा काढली असेल याची गणती नाही. पण खडूनं काढलेल्या किंग पिनला झीज नसते. खरी झिजलेली पिन हातात आली तेव्हा लक्षात आलं की या तीन हात रुंदीच्या लोखंडी जुडग्यात मुंबईच्या कारखानदारीचा बराच इतिहास आहे, आणि तो सांगणारी माणसं झपाट्यानं कमी होत आहेत. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी या गाडीची थोडी कुळकथा. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी भारतात बनवायचा ध्यास घेतला होता. मोटारीच्या कारखान्याची योजना १९३०च्या दशकातली, आणि तिच्यामागे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची आखणी होती. सरकारी अनास्थेमुळे ती रेंगाळली. शेवटी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली, अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार झाला आणि १९४७मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो अशी त्यांची नावं होती. सुटे भाग पेट्यांमधून यायचे आणि इथे जोडले जायचे.

नंतर इटलीच्या फियाटशी करार झाला. वालचंद १९५३मध्ये वारले. त्याच वर्षी दोन घटना घडल्या ज्यांनी पुढच्या अर्धशतकातली मुंबईची गाडी ठरवून टाकली. एक दिल्लीत. टॅरिफ कमिशननं असं मत दिलं की नुसती जोडणी करणाऱ्यांना इथे थारा नको. ज्यांच्याकडे भाग इथेच बनवायचा कार्यक्रम आहे त्यांनीच राहावं. शिवडीला १९२८पासून चाललेला जनरल मोटर्सचा कारखाना १९५४मध्ये बंद झाला. फोर्डही गेली. दुसरी घटना जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनातली. तिथे फियाटनं नवी ११०० मांडली. कारखान्यातला तिचा क्रमांक १०३. वर्षभरात ती कुर्ल्याला आली. १९६४मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती फियाट ११०० डिलाइट म्हणून निघाली, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला थोडा काळ तिचं नाव प्रीमियर प्रेसिडेंट होतं, आणि १९७४मध्ये पद्मिनी झालं. चितोडच्या राणीचं नाव मिळालं तरी मुंबईकर तिला शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले.

आता चाकांकडे येऊ. पूर्वीच्या घोडागाड्यांचा पुढचा अख्खा ॲक्सल मध्यावरच्या एका जाड खिळ्याभोवती फिरायचा. मुंबईची व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे आठवेल. हा खिळा म्हणजे किंग पिन. पण असं वळण घेताना गाडीचा पाया अरुंद होतो आणि ती कलंडते. म्युनिकच्या गेऑर्ग लँकेन्श्पेर्गर नावाच्या गाड्या बांधणाऱ्या कारागिरानं उपाय काढला. ॲक्सल स्थिर ठेवायचा आणि त्याच्या दोन टोकांना दोन छोटे खिळे देऊन चाकंच तेवढी वळवायची. शिवाय आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जरा जास्त वळलं पाहिजे, कारण त्याला लहान वर्तुळ काटायचं असतं. लंडनचे चित्रांचे आणि पुस्तकांचे प्रकाशक रुडॉल्फ ॲकरमन यांनी त्याच्या वतीनं १८१८मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं, आणि आजही विद्यार्थी ‘ॲकरमन स्टीअरिंग’ म्हणूनच ते पाठ करतात. मूळ कारागिराचं नाव पाठ्यपुस्तकाच्या तळटिपेतही क्वचितच सापडतं. असो.

मोटार आली, वेग वाढला, आणि हा आडवा ॲक्सल अडचणीचा ठरू लागला. एक चाक दगडावर चढलं की ॲक्सल तिरपा होतो, त्यामुळे दुसरं चाकही तिरपं होतं. जोरात फिरणारं चाक म्हणजे भोवराच. भोवरा एका अंगाला कलवला की तो भलत्याच दिशेला वळू बघतो. मग दोन्ही चाकं डावी-उजवीकडे थडथडू लागतात आणि स्टीअरिंग हातातून सुटायला बघतं. अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये मॉरिस ओली या इंग्रज इंजिनिअरनं याचा पाठपुरावा केला आणि १९३४च्या त्यांच्या गाड्यांना पुढची दोन चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतील अशी रचना मिळाली. फ्रान्समध्ये आंद्रे दुबोने यांनी वेगळी रचना काढली होती. हे दुबोने पहिल्या महायुद्धातले वैमानिक, आणि त्यांच्या घराण्याचं नाव खरं म्हणजे मद्यामुळे प्रसिद्ध. फियाटचे डान्टे जाकोझा यांनी १९३७च्या आपल्या ११०० गाडीला दुबोनेच्या धर्तीची रचना दिली. स्प्रिंग तेलाच्या बंद नळकांड्यात होती. काम नाजूक, दुरुस्ती अवघड.

१९५३च्या १०३मध्ये मात्र साधा मार्ग घेतला गेला. प्रत्येक चाकामागे दोन आर्म, वरचा आखूड आणि खालचा लांब. त्यांच्या मध्ये वेटोळ्याची स्प्रिंग. दोन्ही आर्मांच्या बाहेरच्या टोकांना एक उभा खांब, त्या खांबात किंग पिन, आणि किंग पिनभोवती चाकासकट वळणारा स्टब ॲक्सल. वरचा आर्म आखूड का, हे मी विद्यार्थ्यांना दरवाज्याच्या उदाहरणानं सांगत असे. लहान फळीचा दरवाजा आणि मोठ्या फळीचा दरवाजा सारखाच कोन उघडला तर दोघांच्या कडा वेगळं अंतर जातात. या फरकाचा उपयोग असा की गाडी वळणावर एका बाजूला झुकली तरी झुकलेल्या बाजूचं टायर रस्त्यावर बऱ्यापैकी उभं राहतं. मागे मात्र जुनाच कारभार, म्हणजे अखंड ॲक्सल आणि पाट्यांच्या कमानी. टांग्याच्या पाट्यांचंच हे पुढचं रूप.

जाकोझांनी ही गाडी इटलीच्या मध्यमवर्गासाठी आखली होती. तिथे १९६९पर्यंत तिचे वेगवेगळे अवतार चालले, मग फियाटनं तिला निरोप दिला. आपल्याकडे ती शतक बदलेपर्यंत बनत राहिली. एकच किंग पिन, तेच आर्म, तीच स्टीअरिंगची जोडणी, जवळजवळ पन्नास वर्षं. हे का झालं, याचं उत्तर गाडीखाली पडलेले भाग बरंच देतात.

मी काम सुरू केलं तेव्हा कुर्ल्याला एक जुने मिस्त्री आहेत असं कळलं. सत्तरी ओलांडलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणतो. ते मला ‘सर’ म्हणतात, पण त्यातला आदर माझ्या पांढऱ्या केसांसाठी असावा, ज्ञानासाठी नसावा. पहिल्याच दिवशी त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं, टायर वर आणि खाली धरलं, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथे, आणि हलवलं. चाक टकटक हललं. मी म्हणालो, बेअरिंग गेलं. चाचा म्हणाले, “सर, आत बसा आणि ब्रेक दाबा.” मी ब्रेक दाबला, त्यांनी पुन्हा हलवलं. टकटक तशीच. ब्रेक दाबल्यावर चाक आणि स्टब ॲक्सल एकमेकांना धरून बसतात, म्हणजे बेअरिंगची ढील नाहीशी होते. तरीही चाक हललं, तर दोष त्याच्या आत, किंग पिनमध्ये. मग त्यांनी टायर नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं, आणि टाय रॉडच्या टोकांची ढील दाखवली. पाच मिनिटांत निदान झालं. यंत्र एकच, ते म्हणजे जॅक.

उघडताना सगळ्यात जपायचं ते स्प्रिंगला. ती आर्मांच्या मध्ये दाबून बसवलेली असते. घाईनं आर्म सोडला तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. खालच्या आर्मखाली जॅक लावून, साखळीनं बांधून, तिला हळूहळू मोकळं करावं लागतं. टाय रॉडची टोकं उतरत्या व्यासाच्या भोकात घट्ट रुतून बसतात. मी पुलर काढला, तर चाचांनी दोन हातोडे घेतले आणि ज्या डोळ्यात ते टोक बसतं त्याच्या दोन्ही अंगांना एकाच वेळी समोरासमोर फटका दिला. टोक आपोआप खाली आलं. डोळा क्षणभर लंबगोल होतो आणि पकड सुटते. टोकावर सरळ हातोडा मारणारे लोक त्याचे आटे तेवढे खराब करतात.

सगळ्या भागांवरचं काळं ग्रीस, चिखल आणि गंज रॉकेलनं धुऊन काढला. पन्नास पावसाळ्यांचं ग्रीस लोण्यासारखं राहत नाही, डांबरासारखं होतं. किंग पिनला वरून-खालून ग्रीस भरायचे निप्पल असतात. आतलं ग्रीस असं दगड झालं की नवं ग्रीस आत शिरत नाही, ते बाजूनं बाहेर येतं आणि मालकाला वाटतं ग्रीसिंग झालं. माझ्या गाडीत खालच्या बुशला कैक वर्षांत ताजं ग्रीस पोहोचलंच नव्हतं.

झीज मोजायला घेतली आणि हे काम मला इतिहासासारखं वाटायला लागलं. पिन आणि बुश सगळीकडून सारखे झिजत नाहीत. चाक पिनच्या बाहेरच्या बाजूला असल्यामुळे गाडीचं वजन पिनला सतत एका अंगाला पिळत असतं. म्हणून वरचा बुश आतल्या अंगाला झिजला असेल तर खालचा बाहेरच्या अंगाला. मायक्रोमीटरवर फरक मिलिमीटरच्या पंधरा-वीस शतांशांचा. केसाच्या जाडीची आठवण यावी एवढा. पण दोन बुशांमधलं अंतर वीतभरही नाही आणि टायर दोन फुटांचं, त्यामुळे टायरच्या कडेला ही ढील मिलिमीटर-दीड मिलिमीटर होते, आणि दोन्ही चाकांची मिळून स्टीअरिंग थरथरवायला पुरते.

स्टीअरिंग बॉक्सचं तर आणखी मजेशीर. त्यात स्टीअरिंगच्या दांड्याला मळसूत्रासारखे आटे असतात आणि त्यात गुंतलेला भाग पुढचा दांडा हलवतो. माणूस बहुतेक वेळ गाडी सरळ चालवतो. त्यामुळे आट्यांचा मधला भाग झिजतो, दोन्ही टोकं जवळजवळ नवी राहतात. मधली ढील काढण्यासाठी बॉक्स आवळला की सरळ रस्त्यावर छान वाटतं, पण पूर्ण वळण घेताना स्टीअरिंग अडकतं. गाडी परत सरळ यायला तयार होत नाही. अनेक जुन्या पद्मिनींची स्टीअरिंगं अशी आवळून ठेवलेली सापडतात. विकताना गिऱ्हाईक सरळ रस्त्यावरच चक्कर मारतं, हे त्यामागचं कारण.

माझ्या गाडीच्या चार आर्मांपैकी तिघांवर प्रीमियरची पी, ए, एल ही उठावाची अक्षरं आहेत. चौथ्यावर काहीच नाही. तो कधीतरी बदललेला. चाचांनी बोट फिरवून सांगितलं, “हा बाहेरचा.” बाहेरचा म्हणजे बाहेरच्या कारखान्यात ठोकलेला.

या ‘बाहेरच्या’ कारखान्यांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. १९५३ नंतर भाग इथेच बनवायची सक्ती झाली, पण मोटार कंपनी एकटी सगळे भाग बनवू शकत नाही. साठच्या दशकात भोवताली सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. गॅब्रिएल इंडिया १९६१मध्ये स्थापन झाली आणि मुलुंडला शॉक ॲब्सॉर्बर बनू लागले. भारत फोर्ज त्याच वर्षी पुण्यात सुरू झाली. मद्रासला राणे उद्योगानं टाय रॉडची टोकं बनवायला घेतली. आपल्याला वाटतं राणे म्हणजे कोकणातले, पण त्या उद्योगाचे संस्थापक गणपती अय्यर होते. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड असा जुना आग्रा रोड, म्हणजे आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग, कारखान्यांनी भरून गेला. मोठ्या कारखान्यांच्या मागच्या गल्ल्यांत दोन लेथ आणि एक ड्रिल घेऊन बसलेले शेकडो छोटे कारागीर होते. सातारा, रत्नागिरी, आझमगढ, जौनपूर अशा कुठकुठल्या गावांहून आलेले. बुश ओतणं, पिन घासणं, स्प्रिंगा वळणं ही कामं या गल्ल्यांनी केली. चाचा त्यांच्यातलेच. पंधराव्या वर्षी ते अशाच एका गाळ्यात बुशच्या फटी साफ करायला लागले.

त्या काळाबद्दल भाबडं बोलणं मला पटत नाही. गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. किमतीवर सरकारचं नियंत्रण होतं. तो वाद १९७१मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि खटल्याच्या नावात पहिलं नाव प्रीमियर ऑटोमोबाइल्सचंच आहे. स्पर्धा नाही, भाव ठरलेला, गिऱ्हाईक रांगेत उभं. अशा परिस्थितीत कुठली कंपनी नवा सस्पेन्शन आखायला पैसे घालेल? इटलीत जी गाडी दोन दशकांत जुनी झाली ती आपण अर्धं शतक नवी म्हणून विकत घेतली. आमच्या मामांनी ही गाडी मिळाली तेव्हा पेढे वाटले होते. आज ते सांगितलं की घरातली मुलं हसतात.

पण याच साचलेपणाचा एक दुसरा परिणाम झाला. तीच पिन, तोच बुश पन्नास वर्षं राहिल्यामुळे गल्लीतल्या कारागिराला तो भाग पाठ झाला. १९६४च्या गाडीचा आर्म १९९४च्या गाडीला लागत असे. कुठल्याही नाक्यावर, कुठल्याही पावसात, ग्रीसनं काळा झालेला एक पोरगा रस्त्यावर पोतं अंथरून टाय रॉड बदलून द्यायचा. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं अर्थशास्त्र या पोतं अंथरलेल्या मुलावर उभं होतं. टॅक्सीवाला दिवसाच्या भाड्यानं गाडी घेत असे. त्याची गाडी आठवडाभर वर्कशॉपमध्ये गेली तर घरी चूल पेटायची पंचाईत. त्याला तासाभरात दुरुस्त होणारी गाडी हवी होती, आणि ही ती होती.

टॅक्सीवाल्यांनी तिच्या हाडात बरेच बदलही केले. शतक बदलताना उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. गॅसचं जड नळकांडं डिकीत बसलं. मागचे पाटे आधीच थकलेले. मग एक जादा पाटा घाल, नाहीतर पाटे सोडवून लोहाराकडून ठोकून पुन्हा कमान चढवून घे, असे उपाय झाले. मागची बाजू उचलली गेली की पुढच्या चाकांचा तोल बदलतो, किंग पिनचा कल बदलतो, आणि स्टीअरिंग वळणानंतर स्वतःहून सरळ यायचा गुण कमी होतो. शेवटच्या वर्षांतल्या टॅक्सी रस्त्यावर वाहवत जायच्या, त्यात चालकाइतकाच या बदललेल्या कोनांचाही दोष होता.

१९८३च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली. तिला किंग पिन नव्हती. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकाच उभ्या नळीत, आणि स्टीअरिंगसाठी रॅक आणि पिनियन. भाग कमी, वजन कमी, ग्रीसचे निप्पल नाहीत. कुर्ल्याच्या गल्लीत या गाडीची पहिल्यांदा खूप चेष्टा झाली, असं चाचा सांगतात. ‘ही खेळण्यातली गाडी आपल्या खड्ड्यांत टिकेल काय?’ ती टिकली. आणि तिच्या सांध्यांना दुरुस्तीऐवजी अख्खा सांधाच बदलायचा असल्यामुळे बुश ओतणाऱ्याचं, रीमर फिरवणाऱ्याचं काम कमी होत गेलं. कारखान्यात संप, टाळेबंदी, भागीदारीचे फसलेले प्रयोग हे सगळं झालं. कुर्ल्याची जागा गेली. तिथे आता उंच इमारती आहेत. प्रीमियर हे नाव रस्त्याला राहिलं आहे.

टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांवर जाऊ देत नाहीत. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. वर्तमानपत्रांत फोटो आले, लोकांनी आठवणी लिहिल्या. माझ्यासारख्याला त्या तारखेचा अर्थ जरा वेगळा होता. टॅक्सी होत्या तोवर सुटे भाग खपत होते, म्हणून बनत होते. खासगी हौशी लोक वर्षाला चार-दोन किंग पिन घेणार. त्यासाठी कोण भट्टी पेटवेल?

भाग शोधायला मी कुर्ल्याच्या भंगार बाजारात फिरलो, पुण्याला नाना पेठेत गेलो, बुधवार-रविवारचा जुना बाजारही पाहिला. भंगारात टॅक्सीचे आर्म मिळाले, पण बहुतेक वाकलेले. सपाट फरशीवर ठेवून खाली कागद सरकवला की वाकलेला आर्म लगेच ओळखू येतो. एका दुकानात नवाकोरा किंग पिनचा संच मिळाला, चकचकीत खोक्यात, वर जुन्याच पद्धतीचं छाप. चाचांनी खोकं उघडलं, खिशातली कानस काढली आणि पिनच्या टोकाला एक हात मारला. कानस लोखंडात शिरली, बारीक कीस पडला. मग त्यांनी माझ्या गाडीतली झिजलेली १९७४ची पिन घेतली आणि तिच्यावर कानस मारली. ती काचेवरून घसरावी तशी घसरली.

यात सगळं आलं. किंग पिनचं पोलाद बाहेरून कडक आणि आतून चिवट असावं लागतं. त्यासाठी ते भट्टीत कार्बनच्या सान्निध्यात तापवून, विझवून पाणी द्यावं लागतं. हे न करता नुसती घासून चमकवलेली पिन मापाला बरोबर असते, गाडीत बसते, महिनाभर छान चालते. मग झिजते. आणखी वाईट म्हणजे आतूनही ठिसूळ निघाली तर मोडते, आणि चाक आत दुमडतं. त्या गाडीत माझ्या शेजारी माझी नात बसणार आहे. दुकानदाराला संच परत नेऊन दिला तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आता ही गाडी कोण एवढी चालवतो?” त्याचंही खरं होतं. पण दुसऱ्या कुणीतरी तो संच घेतला असेल, आणि त्याच्या मिस्त्रीच्या खिशात कानस असेलच असं नाही.

शेवटी आम्ही पिना बनवून घेतल्या. जुनी पिन नमुना म्हणून दिली, योग्य जातीचं पोलाद घेतलं, भट्टीवाल्याकडून पाणी देऊन आणलं आणि मग ग्राइंडिंग केलं. चार पिना बनवल्या. दोन लावल्या, दोन ठेवल्या. बुश ब्राँझचे, लेथवर काढलेले. बुश दाबून बसवल्यावर त्यांचं भोक थोडं आक्रसतं, म्हणून आतून रीमर फिरवून माप आणावं लागतं. इथे चाचांचं खरं कौशल्य दिसलं. वरचा बुश वेगळा आणि खालचा वेगळा रीम केला तर दोन्ही भोकं एका रेषेत येत नाहीत, पिन अडकते. त्यांच्याकडे एक लांब रीमर आहे. त्याचा पुढचा गुळगुळीत भाग एका बुशात आधार घेतो आणि मागचा धारदार भाग दुसऱ्या बुशात कापतो. रीमर नेहमी एकाच दिशेनं फिरवायचा, उलटा कधी नाही, आणि हलक्या हातानं. दर चार फेऱ्यांनी पिन घालून बघायची. त्यांनी मला सांगितलं, पिनला तेल लावून उभी धरली आणि ती स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरली, की थांबायचं. धपकन पडली तर बुश वाया गेला. आमची उतरली. बुशच्या भोकासमोर ग्रीस निप्पलचं भोक आलं आहे ना हे त्यांनी आधीच दोनदा बघून घेतलं होतं. खाली वजन पेलणाऱ्या चकतीजवळ पातळ शिम घालून उभी ढील काढली.

हा रीमर त्यांनी सत्तरच्या दशकात एका बंद होणाऱ्या गाळ्यातून घेतला. आता त्यांचाही गाळा पुनर्विकासात जाणार आहे. मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि चांगले पैसे मिळवतो. चाचांना त्याची खंत नाही, उलट अभिमान आहे. खंत मला आहे. मी त्यांना विचारलं की हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का. ते हसले. मग आम्ही एक वही केली. ते सांगतात, मी मापं आणि आकृत्या काढतो. आतापर्यंत छत्तीस पानं झाली.

पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१मध्ये व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी आणि इंजिन यात मोठा फेरफार नको, असं त्यात आहे. अशी गाडी रोज फिरवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांनीच काढायची. माझी गाडी २०२४मध्ये त्या वयाची झाली. नियमात आर्म आणि किंग पिन यांचं नाव नाही. काही हौशी लोक म्हणतात, मग नव्या गाडीचा सस्पेन्शन का बसवत नाही, रॅक-पिनियन स्टीअरिंग का घालत नाही, चालवायला सोपं जाईल. बरोबर आहे, जाईल. पण मग वरून पद्मिनी आणि खालून कुठलीतरी गाडी असं होईल, आणि मला नेमकं खालचंच राखायचं आहे. त्यामुळे मी ती नोंदणी सध्या घेतलेली नाही. नेहमीची पाच-पाच वर्षांची मुदतवाढ घेऊन गाडी चालवायचा विचार आहे. किंग पिनला चालणं आणि ग्रीस दोन्ही लागतं.

चाकांची अलाइनमेंट चाचांनी दोरीनं केली. मागच्या टायरपासून पुढच्या टायरपर्यंत दोन्ही बाजूंना दोरी ताणली, टायरवर खडूनं रेघ मारली, पुढच्या आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजलं. पुढच्या बाजूला तीन मिलिमीटर कमी ठेवलं, म्हणजे गाडी धावताना चाकं बाहेर फाकून समांतर येतात. नंतर मी खात्रीसाठी संगणकावरच्या मशीनवर गाडी नेली. तिथल्या मुलाला यादीत पद्मिनी सापडली नाही, त्यानं दुसऱ्याच एका गाडीचं नाव निवडून मापं घेतली. पुढच्या अंतराचं माप अर्ध्या मिलिमीटरनं वेगळं आलं. चाचांना सांगितलं, तर म्हणाले, “मशीन नवीन आहे, शिकेल.”

आता स्टीअरिंग बॉक्स राहिला आहे. त्याच्या मळसूत्राचा मधला भाग झिजला आहे, आणि भंगारातून आणलेले तिन्ही तसेच निघाले, कारण सगळ्याच टॅक्सी सरळ चालल्या. नवीन कापून घ्यायचं तर गिअर कापणाऱ्याकडे नमुना म्हणून टोकाचा, न झिजलेला भाग द्यावा लागेल आणि त्यावरून मधल्या भागाचं माप काढावं लागेल. त्याची आकृती मी काढली आहे. वहीचं सदतिसावं पान त्याचंच आहे. चाचांनी ती बघून एका ठिकाणी बोट ठेवलं आणि म्हणाले, इथे गोलाई थोडी जास्त पाहिजे, उद्या बॉक्स घेऊन या, दाखवतो.